ढेकळातून निघालेली माशी

वऱ्हाडात ज्या घरात लेकरं जगत नाहीत, त्या घरात जगलेल्या लेकराला चांगलं नाव ठेवत नाहीत. चांगल्या नावावर मरणाची नजर जाते म्हणे. म्हणून कुणी धोंडा, कुणी केरबा, कुणी उकंडा, म्हणजे उकिरडा. उकंडरावाच्या आधीची भावंडं वर्ष पुरं व्हायच्या आत एकामागून एक गेली होती. तेव्हा कस्तुराबाईनं रीत केली. बाळंतिणीच्या खाटेवरून उठून लेकरू उकिरड्यावर नेऊन ठेवलं, मागं न पाहता घरी आली आणि दार लावून घेतलं. घरच्या सालदाराच्या, म्हणजे सालभराच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याच्या, बायकोनं, सोजरबाईनं, ते उचललं, आपल्या झोपडीत नेलं आणि दिवस मावळायच्या आत सुपात घालून कस्तुराबाईच्या दारात आणलं. "उकिरड्यावर सापडलं, घेतं का कोनी?" असं विचारायचं असतं. कस्तुराबाईनं सूपभर कोंडा दिला आणि आपलंच लेकरू विकत घेतलं. मरणाला वाटावं, हे तर टाकलेलं, कोंड्याच्या मोलाचं, याला काय न्यायचं? मरण इतकं भोळं असतं का, ते मला ठाऊक नाही. पण लेकरू जगलं.

जगलं, शिकलं, आणि नागपूरला शेतकी खात्यात कीटकांच्या संग्रहावर नोकरीला लागलं. गावातले लोक म्हणत, एवढं शिकून कस्तुराबाईचा पोरगा माश्याच मारत बसला. उकंडराव हसून सोडून देई. कुठलाही किडा समोर ठेवा, भिंगाखाली धरून तो कोणत्या कुळातला, कोणत्या जातीचा हे सांगणं त्याचं काम. नुसत्या रूपावर भुलणारा तो माणूस नव्हता. पंखातल्या शिरा, मिशीचा शेवटचा सांधा, तोंडावरचे केस एवढं पाहिल्याशिवाय तो नाव घेत नसे, आणि एकदा घेतलं की बदलत नसे. त्याचा त्याला गर्व होता, आणि तो लपवायची त्याला गरजही वाटत नसे.

त्याच्या एका खणात एक माशी वर्षभर बिननावाची टोचून पडली होती. ती त्यानं आपल्याच गावात धरली होती. अंगावर सोनेरी लव, पुढं सुईसारखी लांब सोंड, पंखाची पुढची बाजू धुरकट. पाहणारा म्हणेल मधमाशी. पण मधमाशीला पंख चार, हिला दोन. मधमाशीचं सोंग घेतलेली ही माशी संग्रहातल्या कुठल्याच माशीशी जुळत नव्हती. वरिष्ठ म्हणाले, "एका झिजलेल्या मादीवर नवी जात ठरत नाही. नर आणा, ताजी मादी आणा, आणि ती कोणाच्या घरात वाढते तेही दाखवा." ठरली असती तर त्या नावामागं उकंडरावाचं नाव कायमचं लागलं असतं. त्याला ते फार हवं होतं.

सन चौपन्नच्या फाल्गुनात जगदेवचा निरोप आला की कस्तुराबाई आता उठत नाही. जगदेव हा सोजरबाईचा थोरला. सालदार गेल्यावर उकंडरावाची शेती तोच पाहायचा, आणि कस्तुराबाईलाही तोच पाहायचा. उकंडरावानं रजा काढली ती आईसाठी. पण सामान बांधताना जाळी, टाचण्या आणि बरण्या आधी भरल्या. खोटं कशाला बोला? बायको नि मुलगी नागपुरातच ठेवून तो शिरपूरला उतरला आणि पुढचे दोन कोस बैलगाडीनं गेला.

कस्तुराबाई खाटेला चिकटली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, अंगात फक्त हाडं. शिरपूरच्या वैद्यानं मान हलवली होती. मुलाचा आवाज ऐकून तिनं त्याचा हात छातीशी धरला तो सोडेना. "आलास बापा? आता सुखानं जातो मी," ती म्हणाली. "तुह्या हातचं पानी तोंडात पडलं का झालं." उकंडरावाचे डोळे भरून आले. त्या दिवसांत तोच तिला पाणी पाजी, तोच कूस बदलून देई, आणि दुपारी तिला डुलकी लागली की जाळी घेऊन पांढरीकडे जाई.

पांढरी म्हणजे जुन्या, उठून गेलेल्या गावाची पांढरी माती. गावाच्या मागं तिचा उंचवटा होता आणि एका अंगानं नाल्यानं तो उभा कापला होता. त्या उभ्या कडेला मातीत राहणाऱ्या मधमाश्यांनी भोकं पाडली होती. या मधमाश्या पोळं करत नाहीत. जिचं घर तिचं, एकटीचं. जगदेव म्हणाला, "भर बारा वाजता तठी कोनी जात नाई, उकंडराव. सकाऊन जा ना." उकंडराव म्हणाला, "माही माशी बारा वाजताच हिंडते, त्याले मी काय करू?"

पहिल्या दुपारी तो त्या कडेसमोर बसला तेव्हा कुठं पान हलत नव्हतं. पांढऱ्या मातीवरून येणारा उजेड डोळ्यांत खुपत होता. गावाचा एक आवाज येत नव्हता, कुत्र्याचासुद्धा नाही. मग त्याला मातीवर एक बारीक सावली दिसली. सावली हलत नव्हती. वर पाहिलं तर माशी हवेत एका जागी उभी होती, एका भोकासमोर, जणू दार वाजवून वाट पाहत होती. बारीक गुणगुण ऐकू येत होती, पण कान दिला की थांबल्यासारखी वाटे. माशीनं शेपटीकडून एक झटका दिला, अंडं भोकात उडवलं, आणि ती पुढच्या भोकासमोर जाऊन उभी राहिली. पुन्हा झटका. पुन्हा पुढचं दार. तेवढ्यात घरधनीण आली, पायांना पराग माखलेली. आत गेली, बाहेर आली, पुन्हा गेली. शेवटी तिनं ओल्या मातीनं तोंड लिंपलं आणि उडून गेली. उकंडरावाच्या अंगावर भर उन्हात काटा आला. इतकी वर्षं पुस्तकात वाचलेलं होतं, पण डोळ्यांनी पाहणं वेगळं.

जाळी आवळून तो उठला तर नाल्यापलीकडं बाभळीखाली सोजरबाई बसली होती. शेळ्या आसपास होत्या. ती त्याच्याकडेच पाहत होती, आणि किती वेळापासून ते त्याला कळलं नाही.

"मावशी, उन्हाची काहून बसली?" त्यानं हाक दिली.

"तू बसला म्हनून," ती म्हणाली.

नर मिळाला, मादी मिळाली. राहिलं ते घर दाखवणं. त्यानं कडेचं एक मोठं ढेकूळ कुदळीनं सांभाळून काढलं. त्यातली भोकं मागच्या हंगामातली, लिंपलेली होती. ते त्यानं कंदिलाच्या मोठ्या काचेत ठेवलं, वरून फडकं बांधलं आणि आईच्या उशाशी कोनाड्यात ठेवून दिलं. आतून आता काय निघतं, मधमाशी की माशी, यावर सगळं होतं. कोनाडा सावलीत होता आणि त्याला आईजवळ बसून लक्ष ठेवता येत होतं, म्हणून तिथं. दुसरं काही कारण नव्हतं.

एक दिवस कस्तुराबाई म्हणाली, "उशाशी काय कुरतडून राह्यलं रे?"

कान लावला तर खरंच, ढेकळातून बारीक खरखर येत होती. उकंडराव आनंदला. आंधळ्या माणसाला काय दाखवणार? म्हणून त्यानं सांगायला घेतलं, आणि माणूस आपल्या विषयावर बोलायला लागला की त्याला तोंड आवरत नाही. "गंमत सांगतो, माय. एक मधमाशी मातीत घर करते. आपल्या लेकरापुरतं अन्न भरते, अंडं ठेवते. तेवढ्यात ही दुसरी येते आन आपलं अंडं तिच्या घरात टाकून देते. मंग हिचं लेकरू तिच्या लेकराले खाते, तिच्या घरात वाढते, आन सोनेरी लव पांघरून तिच्याच दारातून बाहेर निंगते. पाह्यनाऱ्याले वाटते, घरचंच हाय."

कस्तुराबाईनं बराच वेळ गोधडीचा काठ चाचपला. मग विचारलं, "आन त्या मायले समजत नाई?"

"कसं समजीन? थे दार लिपते आन जाते निंगून."

"लिपताना बी नाई?"

"नाई, माय," उकंडराव हसून म्हणाला.

त्यानंतर ती जेवली नाही. त्याला वाटलं, ताकद नाही म्हणून.

दुसऱ्या दुपारी खरखर थांबली आणि लिंपणाला चीर गेली. आतून काटेरी डोक्याचा कोष फिरत फिरत अर्धा बाहेर आला. त्याची पाठ उकलली, आणि ओल्या पंखांची माशी आपल्याच कातडीतून पाय काढून वर आली. पोकळ कातडी भोकात अर्धी अडकून उभी राहिली, तोंड वासून. उकंडरावानं भिंग लावलं. पंख दोन. "निंगालं माय, निंगालं!" तो ओरडलाच.

"कोन निंगालं?" कस्तुराबाईनं विचारलं. "घरचं का बाहेरचं?"

"बाहेरचं!"

त्याच आनंदात त्यानं फुलपात्र भरलं आणि तिच्या ओठांशी नेलं. कस्तुराबाईनं तोंड उघडलं नाही. तिनं त्याचा हात चाचपला. आधी मनगट, मग एकेक बोट, मग अंगठा, असा की जणू आयुष्यात पहिल्यांदा धरत होती. मग तो हात तिनं बाजूला सारला.

"आन तू कोन हायेस?" ती म्हणाली.

उकंडराव हसायला गेला, पण हसू आलं नाही.

"मी ठेवलं ते लेकरू कन्हत होतं," कस्तुराबाई छताकडे तोंड करून बोलू लागली. तिचा आवाज कधी नव्हे इतका साफ होता. "रडाची बी ताकद नोती त्याले. सुपातून आलं ते टाहो फोडून राह्यलं होतं. मी म्हटलं, देवानं ऐकलं. सोजरचं बी त्याच पंधरवड्यात झालं होतं. सूप आनलं त्याच्या दुसऱ्या दिशी तिचं गेलं. मी इचारलंच नाई रे बापा. मी दार लावून घेतलं."

"माय, तुले ताप हाय. काईबाई बोलून राह्यली."

"मरताना पोटच्या पोराच्या हातचं पानी पायजे," ती म्हणाली, आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. संध्याकाळी जगदेवनं पाणी दिलं ते प्याली. "याच्या हातचं पितो," ती म्हणाली. "हा कोन हाय ते मले माहीत हाय."

ते उकंडरावाला लागलं. राग आला, मग लाज वाटली, मग भीती. आईचं मन फिरलं आहे, आपणच नको ते सांगितलं, हे त्याला कळत होतं. पण कळून उपयोग काय? तो आरशासमोर उभा राहिला. मग जगदेव गोठ्यात वाकला असताना त्याच्याकडे पाहत राहिला. कानाची पाळी, भुवईचा फाटा, पायाचा अंगठा. जगदेवचा अंगठा आखूड होता, त्याचाही आखूड होता; पण अर्ध्या गावाचे अंगठे आखूड होते. पुराव्याशिवाय तो किड्याचं नाव घेत नसे, आणि इथं ताडून पाहायला हाती काहीच नव्हतं. जे लेकरू उकिरड्यावर ठेवलं, ते कसं होतं हे सांगणारी एक आंधळी झाली होती आणि दुसरी बाभळीखाली शेळ्या राखत होती.

भर दुपारी तो तिच्याकडे गेला. पांढरी तापली होती. माश्या आपापल्या दारांसमोर हवेत उभ्या होत्या. सोजरबाईनं त्याला येताना पाहिलं आणि पदर डोक्यावर ओढला.

"मावशी, खरं सांग. तू उचललं तेच पोट्टं परत आनलं होतं ना?"

सोजरबाईनं काडीनं माती उकरली. "उचलताना पाहात नसतात," ती म्हणाली. "पदर टाकून उचलतात."

"घरी नेल्यावर तं पाह्यलं असशीन?"

"तुले काय कमी पडलं?" तिनं एकदम मान वर केली. "दूध पडलं, तूप पडलं, शिकाले गेलास. माहा जगदेव ढोरामागं गेला. तुले काय कमी पडलं, सांग ना."

उकंडरावाला त्या उन्हात थंडी वाजली. "माय पानी घेऊन नाई राह्यली माह्या हातचं," तो म्हणाला. "तशीच गेली तं मी कुठी तोंड दाखवू?"

एवढं ऐकल्यावर सोजरबाई उठली. शेळ्या तिथंच सोडून त्याच्या पुढं चालू लागली.

कस्तुराबाईनं तिचा पायरव ओळखला. "सोजर, बस," ती म्हणाली. "माह्याजोळ येळ नाई. तुह्या पोटच्या पोराच्या डोक्यावर हात ठेव आन सांग, मी ठेवलेलं लेकरूच तू आनलं का."

अशी शपथ गावात कुणी सहज घेत नसे. खोटी घेतली तर डोक्यावर हात असलेलं लेकरू तापानं जातं, आणि वाचवायचं तर जिच्यापुढं घेतली तिच्यापुढंच ती खोटी म्हणून सांगावं लागतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जगदेव पुढं आला. त्यानं पटका काढला, खाटेच्या पायथ्याशी बसला आणि मान खाली घातली. खाटेच्या दुसऱ्या अंगाला उकंडराव फुलपात्र घेऊन बसला होता.

सोजरबाई जगदेवच्या डोक्याकडे पाहत राहिली. तिचा हात वर आला, थोडा वेळ तसाच राहिला. मग तो खाटेवरून पुढं आला आणि उकंडरावाच्या डोक्यावर येऊन टेकला.

तळवा खरखरीत होता आणि गरम होता.

"तू ठेवलं तेच लेकरू मी सुपात घालून आनलं, बाई," सोजरबाई म्हणाली. "दुसरं नाई."

"हात ठेवला?"

"ठेवला."

"जगदेव, खरंच ठेवला का रे?"

जगदेवनं मान वर केली. आईचा हात कुठं आहे ते त्यानं पाहिलं. उकंडरावानंही त्याच्याकडे पाहिलं. "ठेवला, माय," जगदेव म्हणाला.

कस्तुराबाईचा चेहरा एकदम सैल पडला. "उकंडा," तिनं हाक मारली, "दे रे पानी. बापा, कायबी बोलली मी तुले." आणि ती त्याच्या हातचं अख्खं फुलपात्र प्याली. उकंडरावाला रडू फुटलं, ते आनंदाचं होतं हे मी शपथेवर सांगेन. पण डोक्यावर तो तळवा अजून असल्यासारखा वाटत होता.

सगळे गेल्यावर त्यानं ते प्रकरण भिंगाखाली धरावं तसं धरलं. आपण सोजरबाईचे कुणी नसू, तर ती शपथ परक्याच्या डोक्यावरची, पोकळ. तिला काही अर्थ नाही, भीतीही नाही. आपण तिचे असू, तर शपथ पोटच्या पोराच्या डोक्यावरची आणि खोटी. मग ती लागणारच. किंवा म्हातारी नुसती भ्यायली असेल. खरी शपथसुद्धा आपल्या लेकरावर घ्यायला आईचा हात धजत नाही. तो शिकलेला माणूस, त्यानं हे तिसरं कारण पक्कं धरलं. ताजी माशी टाचणीला लावली, तिची पोकळ कातडी शेजारी चिकटवली, गावाचं नाव घातलं. नवी जात ठरणार याबद्दल त्याला आता शंका नव्हती. त्या आनंदाची त्यानं वाट पाहिली, पण तो काही आला नाही.

दुसऱ्या सकाळी त्याला कसकस वाटली. उन्हात हिंडला होता, कुणालाही वाटेल. दुपारपर्यंत अंग चांगलंच तापलं. त्यानं घोंगडी पांघरली आणि आईच्या खाटेशीच भिंतीला टेकून बसला. जगदेवनं त्याच्या कपाळाला हात लावला, झटक्यानं काढला आणि तो घराबाहेर पळाला.

थोड्या वेळानं दार उघडलं. सोजरबाई होती, धावत आलेली, पाय धुळीनं भरलेले, डोक्यावरचा पदर घसरलेला. तिनं घोंगडीतल्या उकंडरावाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला की त्याला आणखी काही विचारायचं उरलं नाही. इतकी वर्षं भिंगातून पाहून तो जातकुळी ठरवत आला होता. हे साध्या डोळ्यांनी ठरलं.

ती कस्तुराबाईच्या खाटेकडे वळली. शपथ मागं घ्यायला तिनं तोंड उघडलं.

"कोन आलं रे, उकंडा?" कस्तुराबाईनं विचारलं.

उकंडरावानं सोजरबाईच्या डोळ्यांत पाहिलं आणि हळूहळू मान हलवली. नको. ती हात जोडून त्याच्यापुढं उभी राहिली. त्यानं पुन्हा मान हलवली. तेव्हा ती दारातच मटकन खाली बसली आणि तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"कोनी नाई, माय," तो म्हणाला. "तू पानी पे."

त्याचे दात वाजत होते. फुलपात्र हिंदकळू नये म्हणून त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं, आणि कस्तुराबाई घोट घोट पाणी पीत राहिली.